चार कॉम्प्युटर, एक गुरुवार

...आणि वर मलाच विचारतात, "वहीवाले, तुमच्याकडे सोमवार रिकामा कसा?" आता मला सांगा, सोमवार काय माझ्या घरचा आहे? मी काय त्याला उशाखाली घेऊन झोपलो होतो? शनिवारी संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर सोमवारची सहा कामं होती, माझ्या या डोळ्यांनी पाहिली, मोजली, मग खुर्चीवरून उठलो. सोमवारी सकाळी येऊन बघतो तर एक नाही! बाईंच्या कॉम्प्युटरवर बारा. साहेबांच्या लॅपटॉपवर सहाच, पण ती मागच्या सोमवारची. आणि मेकॅनिक लोकांच्या कॉम्प्युटरला तर सोमवार आलाय हेच मान्य नव्हतं, त्याच्या मते अजून सात वर्षांपूर्वीचा जानेवारी चालू होता. चार कॉम्प्युटर, चार सोमवार! आणि ऑफिस केवढं? दोन खोल्या हो. मधला दरवाजा काढलेला. नुसती मान वळवून विचारलं असतं तरी भागलं असतं... पण नाही. तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षांत वही कधी 'थांबा' म्हणाली नाही.

तुम्ही म्हणाल, कसली वही? बरोबर आहे, तुम्हाला कसं माहीत असणार. आमचं ऑफिस लिफ्टच्या देखभालीचं. शहरातल्या शंभरेक इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे. तपासणी, तेलपाणी, बिघाड, कुणी आत अडकलं तर त्याला बाहेर काढणं, असं सगळं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली छापखाना, आणि आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. हसा, सगळेच हसतात.

माणसं म्हणाल तर साहेब. साहेबांचं ऑफिस, त्यामुळे त्यांच्याबद्दल एवढंच बोलतो. फोनवर बाई. दोन मेकॅनिक, एक वरचा, एक खालचा. म्हणजे लिफ्टचं काम जोडीनं करायचं असतं, एकजण गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत, एकजण तळाच्या खड्ड्यात, आणि मधल्या सगळ्या मजल्यांतून एकमेकांना ओरडून सांगायचं. चौदा वर्षं ओरडून ओरडून आता ते जेवताना शेजारी बसले तरी तसेच बोलतात. "मीऽऽठ दे!" आणि मी. मी वही लिहितो. लिहीत होतो.

दाराशेजारच्या टेबलावर ती पडलेली असायची. लांब-रुंद, जाड पुठ्ठ्याची, दोरीला पेन्सिल बांधलेली. नोंद लिहायची रीत मी घालून दिलेली, मला कुणी शिकवली नाही, चुकत चुकत बसवली: आधी वेळ, मग इमारत, मग मजला, शेवटी तक्रार कुणाची. निळ्या शाईत नेहमीचं काम. लाल शाईत म्हणजे तातडीचं, हातातलं टाका आणि पळा. मेकॅनिकनी प्रश्न विचारायचे नाहीत. वेळ आणि इमारत लिहिलेली असली की ते काम, जाऊन उभं राहायचं. एवढी साधी रीत, आणि तिच्या जोरावर एकोणीस वर्षांत एक माणूस लिफ्टमध्ये अर्ध्या तासाच्या वर अडकलेला नाही.

मग वरच्यानं काय करावं? एका सकाळी नोंद उतरवून घ्यायचा कंटाळा म्हणून आख्खी वहीच काखोटीला मारून मोटरच्या खोलीत घेऊन गेला. तिथे तेलाचा डबा लवंडला. वहीचा एक आठवडा तेल प्यायला. कागद असा पारदर्शक झाला की मंगळवारातून शुक्रवार दिसायला लागला. तरी वाचता येत होतं हो! उलट चार दिवस एकदम वाचता येत होते! पण साहेबांनी ते तेलकट पान दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाले, "बस. आता कॉम्प्युटरवर."

आणि हे कधी? नेमकं तेव्हा, जेव्हा ताईच्या डोळ्याची तारीख महिना-दीड महिन्यावर आलेली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ती सतराची. माझी वेणी तेवढी घालायची राहिली, बाकी आईचं सगळं तिनं केलं. माझं अक्षर वळणदार आहे ना, ते तिच्या हातच्या पट्टीचं. आता ती एकटी राहते, बेकरीमागच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. गुडघे गेलेत, त्यामुळे दोन वर्षांत एक पायरी चढली-उतरली नाही, सगळा भरवसा लिफ्टवर. लिफ्ट आमचीच, म्हणून तर मी तिला तिथे राहायला लावलं. आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकून असे झालेत की मी समोर उभा राहिलो तर विचारते, "कोण, दूधवाला का?" मी म्हणतो, "मी गं." म्हणते, "मग दूध नाही आणलंस?"

तिच्या डोळ्याला आणखीही काही गुंतागुंत आहे, त्यामुळे ते करणारे डॉक्टर वेगळे, बाहेरगावाहून येतात, महिन्यातून एकच दिवस आणि तोही त्यांच्या सवडीचा. चार महिने थांबलो तेव्हा तारीख मिळाली. गुरुवार, सतरा. बारा वाजता हजर. ती चुकली तर पुन्हा रांगेत शेवटी, म्हणजे पुन्हा चार महिने. आणि तोवर, डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याची खात्री मी देत नाही. कळलं ना तुम्हाला? मला एका गुरुवारची रजा हवी होती. एक. एकोणीस वर्षांत मी किती रजा घेतल्या असतील? वहीत आहेत सगळ्या. अकरा.

मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तोंडी काही नको आता. कॅलेंडरमध्ये टाका."

टाका! कुठे टाका?

तर साहेबांचा मेहुणा आला. मेहुणा कॉम्प्युटरमधला जाणकार. म्हणजे त्याच्या घरी तीन आहेत. आला, आमचे चारही कॉम्प्युटर गाईला थोपटावं तसे थोपटले आणि म्हणाला, "सोप्पंय." हा त्याचा शब्द. मी आपलं विचारलं, "यासाठी ते सर्व्हर का काय म्हणतात, तसलं मोठं यंत्र लागतं ना, सगळ्यांची नोंद एका जागी ठेवणारं?" कारण मी आदल्या रविवारी वाचनालयात बसून दोन पुस्तकं वाचली होती, टिपणं काढली होती. मेहुणा हसला. "काका, चार कॉम्प्युटरना सर्व्हर? चौघांच्या जेवणाला कुणी आचारी लावतं का?" आता माझ्या आयुष्यात मी चौघांच्या जेवणाचे जे हाल पाहिलेत त्यावरून मला वाटलं, लावावा.

पहिला प्रयोग असा: कॅलेंडर एकच, ते बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं, आणि बाकीच्या तिघांनी आपापल्या जागेवरून तारेतून तिकडे जाऊन बघायचं. छान. फक्त एका वेळी एकालाच आत जाता येतं. दुसरा गेला की पाटी येते, 'दुसरं कुणीतरी वापरत आहे, थांबा'. म्हणजे बघा, एकच न्हाणीघर आणि घरात दहा माणसं! दिवसभर ऑफिसात एकच आरडाओरडा. "कॅलेंडरमध्ये कोण आहे?" "मी आहे." "झालं का?" "आत्ताच गेलोय!" आणि खालचा तर आत जायचा, कॅलेंडर उघडं टाकायचा, आणि जोडीदाराबरोबर निघून जायचा कामाला. तो तिकडे कुणाच्या तरी खड्ड्यात, आणि आम्ही इकडे तिघं दाराबाहेर ताटकळत! त्यात बाई बरोबर साडेपाचला कॉम्प्युटर बंद करतात. "तापतो हो तो," म्हणतात, "आणि माझी बस असते." कॉम्प्युटर बंद म्हणजे कॅलेंडर बंद. मेकॅनिक सहाला परत येऊन उद्याचं काम बघायला बसले की उद्या नाहीच. मी बाईंना म्हटलं, चालू राहू दे. त्या म्हणाल्या, "भाऊ, घरचा गॅस मी बंद करून निघते, हा कशाला चालू ठेवू?" याला तुमच्याजवळ उत्तर आहे?

दुसरा प्रयोग, साहेबांच्या लॅपटॉपवर. मेहुणा म्हणाला, तो नेहमी चालू असतो. असतो! साहेबांबरोबर चालू असतो! साहेब बँकेत गेले, कॅलेंडर बँकेत. साहेब सासुरवाडीला गेले चार दिवस, तर आमचा आख्खा आठवडा सासुरवाडीला. बाई फोन करकरून विचारायच्या, "साहेब, जरा आज काय आहे ते सांगता का?" आणि तिकडून साहेबांच्या सासूबाई सांगायच्या, कारण साहेब अंघोळीला. "दहा वाजता शाळेजवळची इमारत, तळमजला... पुढचं मला दिसत नाही बाई, बारीक आहे." एकोणीस वर्षांत वही कधी 'थांबा' म्हणाली नाही, आणि सासुरवाडीला तर कधीच गेली नाही.

आणि माझी रजा? पहिल्या प्रयोगात टाकली होती, ती प्रयोगाबरोबर गेली. दुसऱ्यात टाकली, ती साहेबांच्या सासूबाईंनी चष्मा शोधताना कुठलं तरी बटण दाबून पुसली. माझा समज तसा आहे, पुरावा नाही. घरी ताई रोज फोनवर विचारायची, "धाकट्या, मिळाली का रे रजा?" मी म्हणायचो, टाकलीय. ती म्हणायची, "टाकलीस म्हणजे? मिळाली का?" सोपा प्रश्न होता हो.

तिसरा प्रयोग. हा तुम्हाला नीट सांगतो, कारण माझे केस यात गेले. मेहुणा म्हणाला, प्रत्येकानं आपापलं कॅलेंडर ठेवायचं, आणि रोज एक पेन ड्राइव्ह सगळीकडून फिरवायचा, म्हणजे सगळ्यांची कामं सगळ्यांकडे जातील. पेन ड्राइव्ह हरवू नये म्हणून बाईंनी तो कशाला बांधावा? माझ्या वहीच्या दोरीला. पेन्सिल सोडून टाकली आणि तो बांधला. मी बघत होतो.

झालं काय, की पेन ड्राइव्ह जुनी कामंही नवी समजून पुन्हा टाकायचा. सोमवारी एक तपासणी होती, मंगळवारी तिच्या दोन झाल्या, बुधवारी चार, गुरुवारी आठ. शुक्रवारी वरच्यानं आपल्या कॉम्प्युटरसमोर उभं राहून टोपी काढली. "शाळेजवळच्या इमारतीत सोळा लिफ्ट कधी बसवल्या?" तिथे एक आहे. तीही लहान.

मेहुण्याला बोलावलं. "सोप्पंय," म्हणाला, आणि असं करून दिलं की पेन ड्राइव्ह आधीचं सगळं पुसणार आणि मगच आपल्याजवळचं टाकणार. म्हणजे शेवटी जो लावेल त्याचं खरं, बाकीच्यांचं दिवसभर लिहिलेलं मातीत. हे पहिल्यांदा बाईंच्या लक्षात आलं, बाईमाणूस हुशार. त्या आपला नंबर शेवटी लावायला लागल्या. मग खालच्याच्या लक्षात आलं. मग साहेबांच्या. आणि मग आमच्या ऑफिसात अशी काही नम्रता आली म्हणता... पाच वाजले की सगळे त्या दोरीभोवती. "आधी तुम्ही." "छे छे, आधी तुम्ही." "साहेब, तुमच्या आधी मी कसा लावू?" "नाही नाही, लावा ना, मला कुठे घाई आहे?" बाहेरचं कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय संस्कार आहेत! जो तो फक्त दुसऱ्याला पुसायला टपलेला.

आता रजा. रजा म्हणजे आख्ख्या दिवसाची नोंद ना, ती मी माझ्याकडे गुरुवारी टाकली. पेन ड्राइव्हबरोबर ती मेकॅनिकच्या कॉम्प्युटरवर गेली. त्याचं घड्याळ मागे. तारीख रोज सकाळी हातानं लावायची, आणि तास कुणी नीट लावतच नाही. तर माझी रजा तिथे बुधवारी जाऊन बसली. तिथून बाईंकडे आली बुधवार म्हणून, माझ्याकडे परत आली बुधवार म्हणून, आणि पुढच्या फेरीत मंगळवार. रोज एक दिवस मागे! मी कागदावर मांडून बघितलं, ती अशीच सरकत राहिली असती तर वर्षभरात मी गेल्या वर्षीच रजेवर जाऊन आलो असतो. सतरा तारीख आठ दिवसांवर आलेली. मी मेहुण्याला जिन्यात गाठलं, हात धरला, म्हटलं, "बाबा रे, बाकी कशाचंही काहीही होऊ दे. ही एक नोंद मला चारही ठिकाणी एका जागी उभी करून दे."

तो म्हणाला, "काका, सोप्पंय. आख्खा दिवस टाकू नका, आख्खा दिवस सरकतो. नेमकी वेळ टाका, नेमकी जागा टाका, म्हणजे नोंद कशी घट्ट बसते. पेन ड्राइव्हवर सोडू नका, चारही कॉम्प्युटरवर स्वतः हातानं लिहा. आणि तिला कुलूप लावतो, म्हणजे पुसली जाणार नाही."

मला पटलं. नेमकेपणा ही तर माझी जन्माची खोड. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले तेव्हा मी एकेका कॉम्प्युटरवर जाऊन बसलो आणि वळणदार, काना-मात्रा न चुकवता लिहिलं. एकदा नाही, चारदा. गुरुवार, सतरा. अकरा वाजता. कारण बाराला हॉस्पिटलात हजर व्हायचं तर अकराला तिच्या घरून निघायला हवं. बेकरीमागची इमारत. पाचवा मजला. ताई.

विसरू नये म्हणून लाल केलं. दोन तास आधी घंटी लावली. कुलूप घातलं.

तुम्हाला सांगतो, पुढचे सात दिवस मी त्या नोंदीला दिवसातून तीनदा भेट देत होतो. आजूबाजूला सगळा कल्लोळ, तपासण्या येतायत, जातायत, एक इमारत तर जगातूनच नाहीशी झाली... आणि मधोमध माझा गुरुवार, लाल, अढळ, चारही ठिकाणी तोच. मला भरून आलं. संध्याकाळी ताईला सांगितलं, "मिळाली." ती म्हणाली, "रजा?" मी म्हटलं, "चारही ठिकाणी."

तुमच्यातल्या हुशार माणसांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. तोंडावरून दिसतंय. माझ्या नाही आलं हो! रीत मीच घातलेली, तरी नाही आलं.

गुरुवारी सकाळी मी घरून परस्पर ताईकडे गेलो. साडेदहाला इमारतीत शिरतो तर लिफ्टच्या दाराला पाटी. 'काम चालू आहे, कृपया जिन्याचा वापर करावा'. अक्षर ओळखीचं वाटलं. माझंच. ती पाटी मीच रंगवलेली. आणि खालच्या खड्ड्यातून आवाज, "सोऽऽड जरा!" आणि वरून, आभाळातून आल्यासारखा, "धऽऽरलंय!"

मी खड्ड्यात वाकून म्हटलं, "तुम्ही इथे काय करताय?" खालच्यानं ग्रीसनं भरलेलं तोंड वर केलं, आनंदानं फुललेलं. म्हणाला, "वहीवाले, आज पहिल्यांदा घोळ नाही! नऊला चारही कॉम्प्युटर एकदम वाजले. अकराचं काम, तातडीचं. आम्ही म्हटलं, लाल आहे, अकराची वाट कशाला बघा?"

मी म्हटलं, "अरे, ती माझी रजा होती."

तो म्हणाला, "रजेला कुणी मजला लिहितं का?"

वेळ, इमारत, मजला, शेवटी तक्रार कुणाची. कुणा ताईंची तक्रार आहे, पाचव्या मजल्यावर. वेळ आणि इमारत असली की ते काम, प्रश्न विचारायचे नाहीत. एकोणीस वर्षं मीच घोकून घेतलंय त्यांच्याकडून. मी विचारलं, "पण उघडलंय काय काय?" तर म्हणाला, "बिघाड काय आहे ते नोंदीत नव्हतं. म्हणून सगळंच उघडलं." ब्रेक खोललेला. दोर उतरवलेले. दोन मजल्यांचे दरवाजे काढून भिंतीला टेकवलेले. पुन्हा जोडायला कमीत कमी तीन तास. आणि बिघाड सापडेना म्हणून बिचारे आणखी खोलात चाललेले!

एवढ्यात साहेब आले. टाय लावून. त्यांच्याही लॅपटॉपवर वाजलं ना. बाईंनी त्यांना सांगितलं, रजेची नोंद कुठेच नाही, आणि वहीवाले जागेवर नाहीत, म्हणजे ते स्वतःच तिकडे गेलेत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. साहेब धापा टाकत म्हणाले, "किती माणसं अडकलीयत?"

मी म्हटलं, "एक. अजून आत गेली नाही."

पाच मजले चढून गेलो. ताई नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, दार उघडं टाकून खुर्चीत बसलेली. मला वाटतं पहाटेपासून. सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धाकट्या, साऱ्या गावाच्या लिफ्ट चालू ठेवल्यास, आणि बहिणीची बंद पाडलीस."

मी जिन्यात जाऊन त्या तिघांना हाका मारल्या.

मग तिला त्याच खुर्चीसकट उचलली. पुढे वरचा आणि खालचा, मागे साहेब आणि मी. पाच मजले. जिना अरुंद, वळणावर खुर्ची तिरपी होते, साहेबांचा टाय ताईच्या हातात, कारण तिला धरायला तेवढंच सापडलं. आणि हे दोघं तिच्या कानाशी ओरडतायत, "डावीऽऽकडे घे!" "घेऽऽतलंय!" तिसऱ्या मजल्यावर तिनं विचारलं, "हे पुढचे दोघं भांडतायत का रे?" मी म्हटलं, नाही, बोलतायत. दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, "आणि हा मागे धापा टाकतोय तो कोण, दूधवाला?" मी म्हटलं, ताई, ते आमचे साहेब. ती म्हणाली, "बरं. मग यांच्याकडेच माग की रजा, हाताशी आहेत तोवर."

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं. घामानं न्हालेलो, हाताला ग्रीस. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. नाव नाही. शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये बघितलं. तिथे होतं. तिथे ताईचं ऑपरेशन मागच्या आठवड्यातच झालेलं होतं, शिवाय यशस्वी. ताई म्हणाली, "बघ, उगाच आलो." मी काउंटर धरून उभा राहिलो. त्या बाई म्हणाल्या, "थांबा."

थांबा! पुन्हा तोच पाटीवरचा शब्द. पण त्यांनी काय केलं? ड्रॉवर उघडला, आतून एक वही काढली. लांब-रुंद, जाड पुठ्ठ्याची. बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "या का? आहेत की. सतरा तारीख, चौथा नंबर. डॉक्टर अजून दुसऱ्यावरच आहेत. बसा." निळी शाई होती हो. मी तिथेच, सगळ्यांसमोर... जाऊ दे. ताईला दिसत नव्हतं ते बरं होतं.

ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "म्हातारा झालास की रे." म्हणजे डोळा उत्तम.

शुक्रवारी ऑफिसात गेलो. मला वाटलं, आता साहेबांनी स्वतः खांदा लावून खुर्ची वाहिलीय, आता तरी वही परत येईल. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, "काल आपण पहिल्यांदा, सगळेच्या सगळे, एका जागी, एका वेळी पोचलो. चारही कॉम्प्युटरवर एक नोंद! म्हणजे जमतंय!" मेहुणा म्हणाला, "मी म्हटलंच होतं, सोप्पंय." आणि मग साहेब माझ्याकडे वळले. "वहीवाले, तुमच्या पद्धतीनंच जमलं. आजपासून सगळ्या नोंदी तुम्ही तशाच करायच्या. हातानं. चारही ठिकाणी."

करतोय. सकाळी येतो, एका कॉम्प्युटरवर सहा कामं लिहितो, उठतो, दुसऱ्यावर तीच सहा लिहितो, उठतो... चौथ्यावर पोचेपर्यंत बाईंना नवा फोन आलेला असतो. वही माळ्यावर गेली. तेलाचा आठवडा उंदरांनी खाल्ला म्हणतात, त्यांना आवडला असेल.

आणि अजून ताईचा डावा डोळा राहिलाय. डॉक्टरांनी त्याच दिवशी पुढची तारीख तोंडी सांगितली, मी आणि ताई दोघं होतो. साहेबांनी परवा विचारलं, "तारीख सांगा, टाकून देऊ कॅलेंडरमध्ये." मी एकोणीस वर्षं रोज लिहिणारा माणूस, मी म्हटलं, "थांबा." म्हटलं, ही तारीख कुठेच लिहायची नाही. कॉम्प्युटरवर नाही, कागदावर नाही, भिंतीवर नाही. मी पाठ करायची, ताईनं पाठ करायची, बस. दोनच डोकी, ना तार, ना पेन ड्राइव्ह, घोळ होईल कुठून?

आज सकाळी आपली सहज खात्री म्हणून फोनवर विचारलं, "ताई, तारीख काय आपली?"

म्हणाली, "अठरा."

माझ्या डोक्यात एकोणीस आहे.

...उठतो मी. हॉस्पिटलातल्या बाईंचा ड्रॉवर पाचला बंद होतो.